महिनाभराची पाहुणी

भाद्रपदातल्या गौरी वेळापत्रक घेऊन येतात. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. पंचांगात वेळ छापलेली असते आणि तिच्यापुढे घरातल्या कुणाचं काही चालत नाही. चैत्रातली गौर वेगळी. ती चैत्र शुद्ध तृतीयेला झोपाळ्यावर बसते आणि वैशाख शुद्ध तृतीयेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला उतरते. मुक्काम चांगला महिनाभराचा. या महिन्यात तिचं हळदीकुंकू कधी करायचं, हे घरातल्या बाईनं ठरवायचं. मंगळवार किंवा शुक्रवार बरा मानतात, एवढंच. शेजारणीनं हा शुक्रवार धरला असेल तर आपण पुढचा मंगळवार धरायचा, नणंद रविवारीच मोकळी असेल तर रविवार. गुरुजी लागत नाहीत, उपास नाही, पोथी नाही.

चैत्रगौरीचा अर्थ विचारला की वसंत, सौभाग्य, सृजन असे शब्द पुढे येतात. ते खोटे नाहीत. पण हा सण हातानं करताना जाणवतं ते माहेरपण. उन्हाळा तापायला लागलेला असताना मुलगी माहेरी आली, तर तिला काय देऊ? बसायला झोपाळा, प्यायला वाळ्याचं पाणी आणि पन्हं, खायला आंबट-गोड काहीतरी, हातावर चंदन, केसांत मोगरा. या सणातली जवळजवळ प्रत्येक वस्तू या एका प्रश्नाचं उत्तर आहे. म्हणून ती नीट करावी. पन्हं पाणचट झालं किंवा डाळ आंबली तर पाहुणचारच उणा पडतो.

झोपाळा काही आपण घरच्या घरी काढलेली टूम नाही. निर्णयसिंधूसारख्या धर्मशास्त्राच्या ग्रंथांत चैत्र शुद्ध तृतीयेला गौरीचा दोलोत्सव सांगितला आहे, तो शंकरासह. राजस्थानातली गणगौरही जोडीनंच पुजतात, ईसर आणि गौर. तिथे धुळवडीपासून सुरू झालेली पूजा ज्या तृतीयेला संपते आणि गौरीची पाठवणी होते, त्याच तृतीयेला आपल्याकडे ती झोपाळ्यावर येऊन बसते. माळवा-निमाडातही गणगौर आहे, त्यामुळे इंदूरच्या मराठी घरांना हे दोन्ही आसपास पाहायला मिळतं. आपल्या झोपाळ्यावर मात्र बहुतेक घरांत गौर एकटीच असते. माहेरपणाला आलेली आहे ती, जावई नंतर येतील.

आणि ती येते कुठून? देव्हाऱ्यातूनच. लग्नात मुलीला माहेरून मिळालेली पितळेची किंवा चांदीची अन्नपूर्णा, जी वर्षभर देव्हाऱ्यात तांदळावर बसते, तिलाच चैत्रात उचलून हातभर अंतरावरच्या झोपाळ्यात ठेवायचं. आईनं सासरी जाणाऱ्या मुलीबरोबर दिलेली देवी, आणि महिनाभर तिलाच माहेर. हे फार सुंदर आहे आणि त्याबद्दल कुणी काही बोलत नाही, सगळे नुसतं करतात.

मूर्ती आणि झोपाळा आदल्या दिवशी घासून घ्यावा. पितळेला चिंचेचा कोळ चोळला की दोन-तीन मिनिटांत धुवायचा. चिंच वाळेपर्यंत तशीच ठेवली तर पितळ पिवळं न राहता तांबूस, मळकट दिसतं, कारण आंबटानं वरच्या थरातलं जस्त निघून तांबं उघडं पडतं. धुतल्यावर लगेच कोरड्या सुती फडक्यानं पुसायचं, साखळीच्या कड्या विशेष करून. तिथे पाणी राहिलं की दोन दिवसांत हिरवट किटण धरतं आणि तेच खणाला लागतं. मूर्तीखाली खणाची चौपदरी घडी घालावी. नुसत्या गुळगुळीत पितळी फळीवर मूर्ती झोका दिला की सरकते. चारही साखळ्या सारख्या लांबीच्या आहेत का, ते मूर्ती ठेवून पाहावं. रिकामा झोपाळा सरळ दिसतो, वजन पडलं की एक कोपरा खाली जातो. समई झोपाळ्याच्या समोर न ठेवता बाजूला ठेवावी. हळदीकुंकवाला आलेली प्रत्येक बाई हात पुढे करून झोका देणार आणि पदर ज्योतीवरून जाणार, हे आधीच धरून चालावं.

आता चैत्रांगण. ही या सणातली सगळ्यात सुरेख गोष्ट, आणि सगळ्यात आधी सोडून दिली जाणारीही. नाव रांगोळीचं असलं तरी ती ठिपक्यांची नाही, फुलापानांची नक्षीही नाही. ती चिन्हांची आहे. मध्यभागी मखर किंवा देव्हारा, त्यात झोपाळ्यावर गौर, कुठे एक, कुठे सखीसह दोन. वर आंब्याच्या पानांचं तोरण. दोन बाजूंना सूर्य आणि चंद्र. मग शंख, चक्र, गदा, पद्म. त्रिशूळ, डमरू. स्वस्तिक, ॐ, श्री. गोपद्मं, लक्ष्मीची पावलं, गाय-वासरू, हत्ती, मोर, कासव, नाग. तुळशीवृंदावन, कलश, गुढी. मग बाईच्या रोजच्या जगातलं सगळं: हळदीकुंकवाचा करंडा, फणी, आरसा, मंगळसूत्र, खण-नारळाची ओटी, विंझणा, आंबा, केळीचा खांब, सारीपाट. कुणी एक्कावन्न चिन्हं सांगतं, कुणी चौसष्ट, बऱ्याच घरांत मोजत नाहीत. विष्णूच्या चक्राशेजारी फणी आणि महादेवाच्या त्रिशुळाशेजारी आरसा बसलेला असतो, दोन्ही सारख्याच आकाराचे. अंगण तिचं आहे, म्हणून तिला लागणारं सगळं त्यात आहे.

हे काढायला तीन फूट लांब, दोन फूट रुंद जागा पुरते. चार-चार इंचांचे चौकोन मनात धरले तर अशा जागेत चौपन्न बसतात. मधल्या मखराला फूटभर चौकोन दिला की नऊ गेले, उरले पंचेचाळीस. हा हिशेब आधी केला नाही तर नेहमी एकच होतं: पहिली दहा चिन्हं हौसेनं मोठी निघतात आणि फणी-आरसा कोपऱ्यात चिरडतात. सुरुवात मखरापासून करून बाहेरच्या बाजूला सरकावं. कडेपासून आत येत गेलं तर शेवटी मध्यावर वाकताना पदरानं कड पुसते.

जमीन शेणानं सारवलेली असेल तर ती निम्मी वाळू द्यावी. ओल्यावर रांगोळी भिजून राखाडी पडते, पार वाळून भेगाळलेल्यावर रेघ तुटते. फरशीवर रांगोळी वाऱ्यानंच सरकते, म्हणून पाट किंवा प्लायचा तुकडा घेऊन त्यावर गेरू द्यावा. दोन मोठे चमचे गेरू अर्धी वाटी पाण्यात रात्री भिजवायचा, सकाळी त्यात चमचाभर तांदळाची पेज घालून फडक्यानं एकाच दिशेनं हात द्यायचा. पेज नसेल तर गेरू वाळल्यावर हाताला लागतो आणि पांढरी रेघ गुलाबी दिसायला लागते. रांगोळी शिरगोळ्याची, चाळून घेतलेली, पण पिठासारखी बारीक नको. पीठ चिमटीत दबून गोळा होतं आणि रेघेऐवजी ठिपके पडतात. रंग भरायचे तर हळद आणि कुंकू, तेही नुसती चिमूट. चैत्रांगण पांढऱ्या रेघेचंच शोभतं, असं मला ठामपणे वाटतं. बाजारात त्याचे स्टिकर मिळतात. ते लावल्यानं जागा भरते, पण पाऊणतास वाकून फणीचे दात काढणारा हात त्यात नसतो.

आणि मग आंबेडाळ. कुणी कैरीची डाळ म्हणतं, कुणी वाटली डाळ. साधी दिसते आणि फार लवकर बिघडते.

एक वाटी हरभऱ्याची डाळ चार ते पाच तास भिजवावी. उन्हाळ्यात रात्रभर नकोच. पाणी फसफसतं, डाळीला वास लागतो आणि वाटताना तिचा लगदा होतो. भिजली की नाही ते नखानं पाहायचं: दाणा सहज तुटला पाहिजे, पण मधे किंचित पांढरं दिसलं तरी चालेल. मग चाळणीत उपसून पंधरा-वीस मिनिटं पूर्ण निथळू द्यायची. इथेच घाई होते. डाळीत पाणी राहिलं की मिक्सरचं पातं तिची चटणी करतं. दोन-तीन हिरव्या मिरच्यांबरोबर, पाण्याचा थेंब न घालता, मिक्सर थांबवत थांबवत फिरवावा. काही दाणे अर्धे राहिले पाहिजेत. पाट्यावर वाटलेली डाळ वेगळी लागायची ती याचमुळे. वरवंट्याखाली दाणा ठेचला जायचा, कापला जात नसे.

कैरीचं प्रमाण वाटीनं सांगता येत नाही, जिभेनं सांगावं लागतं. गावठी, रायवळ कैरी झणझणीत आंबट. एक वाटी कोरड्या डाळीला तिचा अर्धी वाटी कीस पुष्कळ. तोतापुरी सौम्य, ती पाऊण ते एक वाटी लागते आणि साखर कमी. कोणतीही कैरी असो, देठाकडचा भाग कापून अर्धा तास पाण्यात ठेवावी. चीक निघाला नाही की घशात खवखवतं आणि मग दोष डाळीला लागतो.

पाडवा कधी येतो यावरही बरंच अवलंबून आहे. आपला महिना चांद्र, ऋतू सूर्याचा. दर वर्षी दहा-अकरा दिवस मागं सरायचं आणि अधिक मासानं एकदम पुढं यायचं. 2024 साली पाडवा 9 एप्रिलला होता, 2026 साली 19 मार्चला. तीन आठवड्यांचं अंतर कैरीच्या बाबतीत मोठं आहे. लवकरच्या वर्षी बाजारात लहान, कोवळी, कोय न धरलेली कैरी असते. तिची मऊ बी किसात गेली तर तुरट-कडवट चव येते, म्हणून ती आधी काढून टाकायची. उशिराच्या वर्षी उलटं: वरून हिरवी, आतून पिवळसर. तिनं डाळ गोड-मिट्ट होते, तेव्हा लिंबू पिळण्यापेक्षा आणखी एखादी कच्ची कैरी शोधावी. लिंबाचा आंबटपणा डाळीत उपरा वाटतो.

वाटलेल्या डाळीत कीस, दोन-तीन चमचे ओलं खोबरं, मीठ, चमचा-दीड चमचा साखर, कोथिंबीर. फोडणी मात्र सढळ: वाटीभर डाळीला दोन-अडीच मोठे चमचे तेल, मोहरी, भरपूर हिंग, हळद, कढीपत्ता, दोन सुक्या मिरच्या. कच्ची डाळ कोरडी असते, ती तेल पिते. कमी तेलातली डाळ घशाला अडकते. फोडणी कोमट झाल्यावर ओतावी. कडकडीत ओतली तर कैरीचा ताजा वास जातो आणि कोथिंबीर काळवंडते. हिंग कमी करू नये, कच्च्या डाळीनं पोटाला त्रास होऊ नये म्हणून तो असतो.

तीस जणींसाठी अर्धा किलो डाळ बरोबर होते. भिजून ती साधारण किलोभर भरते, त्यात कैरी-खोबरं मिळवून दीड किलोच्या आसपास, म्हणजे प्रत्येकीला दोन चमचे भरून. पण सगळी एकदम कालवून ठेवू नये. मीठ लागलं की कैरी पाणी सोडते, डाळ भिजट होते आणि एप्रिलच्या दुपारी ओलं खोबरं तीन-चार तासांत आंबूस होतं. वाटलेली डाळ फ्रीजमध्ये, कीस वेगळा, फोडणी वेगळी, आणि बायका यायला लागल्या की दहाजणींपुरतं एकदा कालवायचं. हळदीकुंकू संध्याकाळी पाच ते आठ चालतं आणि शेवटी येणारीलाही पहिलीसारखीच डाळ मिळाली पाहिजे.

पन्ह्याबद्दल मतभेद आहेत. विदर्भात कैरी भाजून घेणारे आहेत, त्याला धुराचा छान वास असतो. उकडून करायचं तर कैऱ्या पाण्यात थेट उकळू नयेत, आंबटपणा पाण्यात उतरतो आणि गर बेचव होतो. कुकरच्या भांड्यात कोरड्याच ठेवून तीन शिट्ट्या. मध्यम दोन कैऱ्यांचा गर साधारण दीड वाटी निघतो. त्याला अडीच वाट्या चिरलेला गूळ, गर गरम असतानाच घालून विरघळवायचा, पुन्हा उकळायचा नाही. चिमूटभर मीठ विसरू नये, त्याविना पन्हं सरबत होतं. वेलदोडा, चार काड्या केशर. हा गोळा एक भाग आणि गार पाणी चार भाग. पन्हं कल्हई नसलेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात क्षणभरही ठेवू नये, कळकतं. आरासेत शोभेचा पितळी घडा असला तरी पन्हं स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यातच.

माठात वाळ्याची जुडी सोडतात. ती आधी दोन पाण्यांतून धुवावी, नाहीतर मातीचा गाळ उतरतो. तीन-चार दिवसांनी काढून उन्हात वाळवून पुन्हा वापरता येते. तशीच आठवडाभर राहिली तर पाणी तपकिरी होतं.

ओटीला भिजवलेले हरभरे. रब्बीचा हरभरा नुकताच घरात आलेला असतो, तोच मूठभर पदरात जातो. किलोभर हरभरे रात्री भिजवले की सकाळी दुपटीनं फुगतात, तीस ओट्या होतात. उकाड्यात पाणी दोनदा बदलावं. दुपारी उपसून पंच्यावर पसरून ठेवले तर ओटीत ओल लागत नाही. बांधून ठेवले तर संध्याकाळपर्यंत मोड डोकावतात. ते कुणाला आवडतात, कुणाला नाही. दुसऱ्या दिवशी साऱ्या आळीत एकच उसळ शिजते.

आरास ज्याच्या त्याच्या हौसेची. पायऱ्यांवर फराळाचं, कलिंगडाचं कमळ, मण्यांची तोरणं. कलिंगड मात्र शेवटी कापावं आणि खोलगट ताटात ठेवावं. तीन तासांत त्याला पाणी सुटतं आणि पायऱ्यांवरून थेट चैत्रांगणावर येतं. मोगऱ्याचे गजरे ओल्या फडक्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळावेत, फुलांवर पाणी शिंपडू नये, कळ्या तपकिरी पडतात.

पाहुणी आली की तिचे पाय धुवायचे, हातांना चंदनाचा लेप, काही घरांत त्यावर शिंपल्यानं नक्षी. मग हळदीकुंकू, अत्तर, गजरा, ओटी, बत्तासा, डाळ, पन्हं. ती गौरीला झोका देते, दोन घटका टेकते, तोवर पुढची दारात असते. पूर्वीच्या घरांत अनेक सुनांना चैत्रातल्या या फिरतीपुरतंच संध्याकाळी घराबाहेर पडायला मिळे, आणि दिवस निश्चित नसल्यामुळे ती फिरती महिनाभर पुरायची. एकाच तिथीला सगळ्यांकडे हळदीकुंकू असतं तर कुणी कुणाकडे गेलंच नसतं.

याच दारात पिढ्यान् पिढ्या काही बायकांना बोलावलं गेलं नाही, नवरा नाही म्हणून. त्याच घरातली आत्या स्वयंपाकघरात डाळ कालवायची आणि बाहेर गजरे वाटले जायचे. गौर झोपाळ्यावर येते ती कुणाची पत्नी म्हणून नव्हे, कुणाची लेक म्हणून. मग लेकीच्या माहेरी आत्याला, काकूला, शेजारच्या आजींना बंदी कशी? आता बऱ्याच घरांत सगळ्यांना बोलावतात, गजरा आणि ओटीही सगळ्यांना देतात. जिथे अजून देत नाहीत तिथे ते सुरू व्हावं. यात शास्त्र आड येत नाही. हा सण मुळात घरातल्या बाईनं ठरवायचा आहे, दिवससुद्धा.

परदेशातल्या मराठी घरांत एप्रिलमध्ये खिडकीबाहेर कधी बर्फ असतं आणि वाळ्याच्या पाण्याची गरज कुणालाच नसते. तरी भारतीय दुकानातली हिरवी कैरी आणून डाळ होते. तिथली कैरी प्रवासात थोडी मऊ पडलेली असते, म्हणून किसण्याआधी दोन तास फ्रीजमध्ये ठेवावी. कीस मोकळा पडतो. हळदीकुंकू बहुधा शनिवारी. गौरीची त्याला हरकत नाही.

अक्षय्य तृतीयेपर्यंत घरोघरी आंबा खात नाहीत, अशी जुनी रीत आहे. त्या दिवशी पितरांच्या नावानं पाण्याचा घडा दान देतात, त्यांच्या नैवेद्यात आंबा येतो आणि मग घरातले खातात. गौरीलाही त्या दिवशी आमरसाचा नैवेद्य. ती आली तेव्हा ताटात कैरी होती. संध्याकाळी तिला दहीभात दाखवायचा, एक शेवटचा झोका द्यायचा आणि उचलून देव्हाऱ्यात तांदळावर ठेवायची. तांदूळ नवे घालावेत. झोपाळ्याच्या साखळ्या सोडून कोमट पाण्यात धुवायच्या, दुपारभर उन्हात वाळवायच्या आणि सुती कापडात वेगवेगळ्या गुंडाळायच्या, एकत्र नको. एकत्र ठेवल्या की पुढच्या चैत्रात गाठ सोडवण्यातच सकाळ जाते.